उजळाईवाडीहून एकटे निघताना

कोल्हापूरचा हिवाळा हा गाव सोडून जाण्याचा ऋतू नव्हे. दिवाळी सरली की रंकाळ्यावरच्या सकाळी धूसर आणि गोड होतात. गुऱ्हाळांची चुलाणी पेटतात, उसाच्या गाड्यांनी रस्ते अडतात आणि मिसळीचा कट कधी नव्हे इतका अंगाला मानवतो. अशा दिवसांत ज्याला बाहेर पडावे लागते त्याच्यामागे तसेच कारण असते. कुणाची मुलाखत असते, कुणाची परीक्षा. कुणाच्या भावाचे आजारपण असते, तर कुणाच्या लेकीचे बाळंतपण. कारण एकाचे, रजा मात्र घरात कुणालाच नाही. म्हणून जाणारा बहुधा एकटाच असतो. आणि वेळ थोडा असतो, म्हणून तो विमानाने जातो.

योगायोग असा की, विमानांचा हिवाळाही दिवाळीच्या आगेमागेच सुरू होतो. ऑक्टोबरातल्या शेवटच्या रविवारी विमान कंपन्यांचे हिवाळी वेळापत्रक लागते आणि ते मार्च संपेपर्यंत चालते. म्हणजे गणपतीत पाहून ठेवलेली वेळ दिवाळीनंतर तीच राहील, असे धरून चालता येत नाही. घरात हिवाळी प्रवासाचा विषय निघाला की पहिले काम नवे वेळापत्रक पाहण्याचे. तिकिटाचा दर हा त्यानंतरचा प्रश्न. आपण बहुतेक जण नेमके उलटे करतो!

कोल्हापूरकराला विमान नवे आहे असे मात्र कुणी समजू नये. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, ५ जानेवारी १९३९ रोजी, या संस्थानाने आपला विमानतळ सुरू केला. पुढे १९८७ साली उजळाईवाडीचा विमानतळ नव्याने उभा राहिला आणि वायुदूतची छोटी विमाने मुंबईला जाऊ लागली. ती बंद पडली. मग कुणी आले, काही दिवस उडाले आणि गेले. २०११ च्या अखेरीस धावपट्टी पुन्हा मोकळी पडली आणि त्यानंतरची कित्येक वर्षे कोल्हापूरकर विमान पाहायचा तो डोक्यावरून उंच जाणारे. २०१८ च्या एप्रिलात ‘उडान’ योजनेखाली मुंबईची सेवा सुरू झाली, त्याच वर्षीच्या डिसेंबरात हैदराबाद आणि बंगळूर जोडले गेले, पुढे तिरुपती आणि अहमदाबादही. धावपट्टी वाढली, रात्री उतरण्याची सोय झाली आणि १० मार्च २०२४ रोजी नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. राजवाड्याची आठवण करून देणाऱ्या तिच्या कमानी पाहायला आजही लोक पोराबाळांना घेऊन जातात.

हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की, आपल्या विमानाचे नाते एस. टी. सारखे नाही. ही गाडी चुकली तर अर्ध्या तासाने दुसरी, असा तिथे प्रकार नाही. एखाद्या गावाला दिवसातून एकच विमान, तेही आठवड्यातले काही ठरावीक वार. म्हणून उजळाईवाडीहून एकट्याने निघणाऱ्या माणसाने आपले विमान रद्द झाले तर काय, याचे उत्तर तिकीट काढण्यापूर्वीच तयार ठेवावे. बेळगावचा सांबरा विमानतळ मोटारीने दोन-अडीच तासांवर आहे. पुण्याचे लोहगाव त्याहून दूर, पण तिथून विमाने पुष्कळ. गोव्यात दाबोळी होतेच, २०२३ च्या जानेवारीपासून मोपाही सुरू झाले. आणि सगळे फसले तर रात्री निघून सकाळी मुंबईला पोचवणारी आपली जुनी महालक्ष्मी एक्स्प्रेस आहेच. हे चार पर्याय एका कागदावर लिहून ठेवायला पाच मिनिटे लागतात. विमानतळावर उभ्याउभ्या आठवायला मात्र फार वेळ लागतो, आणि सल्ला विचारायला शेजारी आपले माणूस नसते.

गेल्या जानेवारीत आमच्या आक्काने असा कागद केला होता. आक्का माझी थोरली बहीण. वय त्रेसष्ट, जन्म शाळेत शिकवण्यात गेलेला. तिची लेक दिल्लीला. पहिले बाळंतपण खरे माहेरी व्हायचे, पण डॉक्टरांनी सातव्या महिन्यानंतर प्रवासाला नको म्हटले. तेव्हा माहेरानेच दिल्लीला जायचे ठरले. तारीख जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यातली. भावजींचे गुडघ्याचे ऑपरेशन झालेले, मुलगा परदेशी, मला रजा मिळेना. सगळे एकमेकांकडे पाहू लागलो तशी आक्का म्हणाली, “येवढं काय त्यात? मी जातो की एकटी!” आमच्याकडच्या बायामाणसांचे हे ‘मी जातो, मी येतो’ परगावच्या लोकांना गमतीचे वाटते, पण त्या ‘जातो’मध्ये जो ठामपणा आहे तो ‘जाते’मध्ये कुठून यायचा?

आक्काने शिकवण्यातली जुनी रीत वापरली. तिने उत्तरापासून गणित मांडले. डॉक्टरांची तारीख लिहिली, तिच्यातून दहा दिवस वजा केले. “बाळाला काय क्यालेंडर कळतंय?” म्हणाली. मग पोचायची वेळ ठरवली, ती दुपारची. आणि तिथून मागे येत येत उजळाईवाडीपर्यंत आली. हैदराबादेत विमान बदलायचे, मध्ये तीन तास मोकळे ठेवायचे, आणि दोन्ही विमाने एकाच तिकिटावर घ्यायची.

या शेवटच्या कलमावरून घरात वाद झाला. वेगवेगळी दोन तिकिटे काढली तर हजारभर रुपये वाचतात, असे भाचरांनी मोबाईलवर शोधून काढले होते. वाचतात हे खरे. पण दोन तिकिटे म्हणजे दोन स्वतंत्र करार. पहिल्या विमानाला उशीर होऊन दुसरे चुकले, तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने प्रवासी आलाच नाही. पैसे बुडाले आणि पुढचे तिकीट त्या दिवसाच्या चढ्या दराने स्वतः घ्यायचे. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असला तर पुढे पोचवण्याची जबाबदारी कंपनीची, आणि सामानही बहुधा थेट शेवटच्या गावी जाते. दोघे-तिघे बरोबर असतील तर एकाने सामानाजवळ बसावे, दुसऱ्याने खिडकीवर भांडावे. एकट्याला हे दोन्ही एकदम जमत नाही. तेव्हा ते हजार रुपये एकट्या माणसाने आनंदाने द्यावेत.

दुपारची वेळ का, तेही सांगायला हवे, कारण हिवाळ्यातल्या विमानप्रवासाची सगळी मेख तिथेच आहे. एरवी जाणती माणसे पहाटेचे विमान घ्यायला सांगतात. दिवस कोरा असतो, उशिराची साखळी अजून सुरू झालेली नसते. उत्तर हिंदुस्थानात डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी सरेपर्यंत हा सल्ला उलटा होतो. दिवसभर तापलेली जमीन रात्री निरभ्र आकाशाखाली भराभर निवते. वारा पडलेला असतो. नद्या, कालवे आणि भिजलेली शेते यांची ओल हवेत भरपूर असते. पश्चिमेकडून येणारा एखादा पावसाळी झोत नुकताच शिंपून गेला असेल तर विचारायलाच नको. जमिनीलगतची हवा इतकी गार होते की तिच्यातल्या वाफेचे बारीक थेंब होऊन तिथल्या तिथे तरंगत राहतात. हेच धुके. पंजाबपासून बिहारपर्यंतचे ते सपाट मैदान मग साय धरलेल्या परातीसारखे दिसते. मध्यरात्रीनंतर ते दाटते, पहाटे सर्वांत गडद होते आणि ऊन चढले की नऊ-दहाच्या सुमारास विरू लागते.

कोल्हापुरात लख्ख ऊन पडलेले असताना दिल्लीच्या धुक्याने आपले विमान कसे अडते, हे पुष्कळांना उमगत नाही. एकच विमान दिवसभरात चार-पाच फेऱ्या करते. पहाटे दिल्लीला ते तीन तास अडकले, की दुपारी हैदराबादेत तीन तास उशीर आणि संध्याकाळी आणखी कुठल्यातरी तिसऱ्याच गावात उशीर. घरातल्या एकालाच पहाटे आंघोळीला उशीर झाला की सगळ्यांचे डबे चुकतात, तसा हा प्रकार आहे. दिल्लीच्या विमानतळावर धुक्यात उतरण्याची ‘कॅट-तीन’ नावाची यंत्रणा आहे. धावपट्टीवर ५० मीटरपर्यंतच दिसत असले तरी तिच्या आधाराने उतरता येते. पण त्यासाठी विमानातही तशी यंत्रे हवीत आणि वैमानिकांचे तसे शिक्षण झालेले हवे. शिवाय धुक्यात दोन विमानांमधले अंतर वाढवावे लागते. म्हणून ताशी उतरणारी विमाने कमी होतात आणि रांग वाढते. आपले विमान उशिरा आले, तर कोणीतरी कुठेतरी आपला जीव जपतो आहे, असे समजून स्वस्थ बसावे हे बरे.

स्वस्थ बसावे, पण आपला हक्क माहीत करून घेऊन. नियम असा आहे की, प्रवास अडीच तासांपर्यंतचा असेल आणि विमान दोन तास किंवा त्याहून उशिरा सुटणार असेल, तर थांबलेल्या प्रवाशाला कंपनीने फराळपाणी द्यावे. उशीर सहा तासांहून अधिक होणार असेल, तर दुसरे विमान की पूर्ण पैसे परत, हे प्रवाशाने निवडायचे. धुके हा कुणाचा गुन्हा नव्हे, म्हणून त्याची नुकसानभरपाई मिळत नाही. पण चहा मागायला लाजण्याचे कारण नाही.

आता सामान. कोल्हापूरच्या माणसाची खरी परीक्षा इथे होते. देशातल्या प्रवासात साधारणपणे १५ किलो सामान विमानाच्या पोटात आणि ७ किलो हातात, एवढीच मुभा. आक्काच्या यादीत डिंकाचे लाडू, अळीव, गुळाच्या ढेपा, कांदा-लसूण मसाला, बाळाची दुपटी, जावयासाठी कापशी चप्पल, अंबाबाईचे कुंकू आणि लेकीच्या ओटीसाठी नारळ! यादी वाचून भावजी म्हणाले, “अगं, तू विमानाने चालली आहेस की ट्रकने?”

मग चाळणी लागली. मसाला, तिखट, लोणचे ही मंडळी हातातल्या पिशवीत चालत नाहीत. तिखटाची पूड कुणाच्या डोळ्यांत उडवता येते, म्हणून तपासणीत काढून घेतात. ती नीट बांधून मोठ्या बॅगेत घालावीत. खोबऱ्याच्या वाट्या हातातही नकोत आणि बॅगेतही नकोत. सुक्या खोबऱ्यात तेल इतके असते की ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून त्याची गणना धोकादायक मालात होते. अख्खा नारळही हातातल्या पिशवीत सहसा जाऊ देत नाहीत. आक्काने विचार केला आणि ओटीचा नारळ दिल्लीतच घ्यायचे ठरवले. “ओटी कोल्हापूरची, नारळ दिल्लीचा. देवीला काय, सगळं सारखंच!” उलट मोबाईलला वीज पुरवणारी ती डबी, पॉवर बँक, मोठ्या बॅगेत चालत नाही, ती हातातच ठेवावी लागते. गुळाच्या ढेपेचा एक किलोचा रवा झाला. लाडू मात्र सगळे गेले.

एकट्या माणसाच्या हातातल्या पिशवीत काय असावे, याचा नियम सोपा आहे. मोठी बॅग दोन दिवस आली नाही तरी ज्याच्यावाचून अडू नये, ते सगळे हातात. रोजची औषधे आणि त्यांची चिठ्ठी, एक शाल, पायमोजे, चष्मा, एक जोड कपडे, थोडी रोकड. आणि एक कागद, ज्यावर चार दूरध्वनी क्रमांक आणि पोचायचा पत्ता शाईने लिहिलेला. मोबाईलची वीज संपली की हल्ली माणसाला स्वतःच्या लेकीचा नंबरही सांगता येत नाही. तिकिटाची एक प्रत घरीही ठेवावी, म्हणजे मागे राहिलेल्यांना उगीच तर्क करीत बसावे लागत नाही.

आणखी दोन गोष्टी आमच्या भगिनींसाठी मुद्दाम. तिकिटावरचे नाव ओळखपत्रावरच्या नावाशी जुळलेच पाहिजे. आपल्याकडे माहेरचे एक, सासरचे एक, मध्ये कधी वडिलांचे नाव तर कधी पतीचे. बँकेत एक आणि आधारवर दुसरे. तिकीट काढणारा भाचा घाईत हाक मारायचे नाव घालून मोकळा होतो आणि दारावरचा जवान आत सोडत नाही. दुसरी गोष्ट चाकाच्या खुर्चीची. लांबच लांब विमानतळावर चालणे होत नसेल, तर ही मदत तिकीट काढतानाच मागावी. तिच्यात कमीपणा काही नाही. उलट एकट्या प्रवाशाला विमान बदलताना सोबतीला एक वाटाड्या मिळतो.

पोचण्याच्या गावी कुठल्या विमानतळावर उतरायचे हेही नीट वाचावे. दिल्लीला एकाच विमानतळाच्या तीन इमारती आहेत आणि त्यांतली एक इतर दोघींपासून पायी जाण्यासारखी नाही. मुंबईचा नवा विमानतळ पनवेलजवळ उभा राहिला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले. तेव्हा ‘मुंबई’ एवढ्या शब्दावर आता भागत नाही. अंधेरीचा भाऊ सांताक्रूझला वाट पाहत उभा आणि बहीण पनवेलला उतरलेली, असे व्हायला नको.

आक्का ठरल्या दिवशी निघाली. हैदराबादपर्यंत सगळे वेळेवर झाले. तिथे मात्र पुढचे विमान दिल्लीहून यायचे होते आणि ते धुक्यातून सुटलेच नव्हते. तीन तासांचे सहा झाले. शेजारच्या खुर्चीवर एक पोरगी रडवेली होऊन बसली होती. नांदेडकडची, पहिल्यांदाच विमानात, दुसऱ्या दिवशी दिल्लीत मुलाखत. आक्काने तिला दोन डिंकाचे लाडू दिले आणि चहाचा हक्क समजावून सांगितला. पोरीने आक्काला पुढचे दार कोणते, हे मोबाईलवर पाहून दिले. रात्री दोघी बरोबरच दिल्लीला उतरल्या. सहा दिवसांनी, डॉक्टरांच्या तारखेच्या चार दिवस आधी, नात झाली. सुईण नव्हे, तरी आजी दाराशी हजर होती. तारखेला पोचायचे असे ठरवून तिकीट काढले असते, तर तिला ही बातमी मंगळवार पेठेत फोनवर कळली असती.

‘एकट्याने’ या शब्दाचा अर्थही या निमित्ताने तपासून घ्यावासा वाटतो. १९२९ साली आगाखानांनी ५०० पौंडांचे बक्षीस लावले होते. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधले अंतर जो हिंदी वैमानिक पहिल्याने एकट्याने उडून पार करील, त्याला ते मिळायचे. जे. आर. डी. टाटा कराचीहून इंग्लंडकडे निघाले. सतरा वर्षांचा अस्पी इंजिनीयर इंग्लंडहून इकडे निघाला. इजिप्तमध्ये अबूकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पीचे विमान स्पार्क प्लगवाचून अडले होते. टाटांनी आपल्याजवळचा जादा प्लग आपल्याच प्रतिस्पर्ध्याला दिला, आणि बक्षीस अस्पीने जिंकले! एकट्याने केलेल्या त्या विक्रमातही दुसऱ्याच्या पिशवीतली एक वस्तू होती. आपण जादा काहीतरी बरोबर ठेवावे, ते आपल्यालाच लागते असे नाही.

आणि कोल्हापूरने प्रवासाची दुसरी बाजूही पाहिली आहे. विमानतळ करणाऱ्या राजाराम महाराजांच्या आधी याच नावाचे एक तरुण छत्रपती होऊन गेले. १८७० साली ते बोटीने विलायतेला गेले. परतताना इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरी आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, तिथेच वारले. आर्नो नदीच्या काठी त्यांना अग्नी दिला गेला. तिथे त्यांचे स्मारक आजही आहे. बरोबर लवाजमा होता, तरी घर दूर होते. परदेशातून मुलाचा फोन एक दिवस आला नाही की आई अंगणात येरझाऱ्या का घालते, याचे उत्तर या गावाला जुनेच ठाऊक आहे. म्हणून विमान उतरताच घरी दोन शब्द कळवणे हा शिष्टाचार नव्हे, तो प्रवासाचाच शेवटचा टप्पा आहे.

विमानाने दोन दिवसांचा प्रवास काही तासांवर आणला. त्या वाचलेल्या दोन दिवसांचे आपण काय करतो? बहुधा ते आधीच खर्ची घालतो. शेवटच्या घटकेपर्यंत कचेरीत बसतो, मुलाखतीच्या सकाळीच त्या गावी उतरायचे ठरवतो आणि मग धुक्याला शिव्या देतो. उन्हाळ्यात ही चैन परवडते. हिवाळ्यात विमानाने वाचवून दिलेल्या वेळातला एखादा दिवस तरी गाठीला बांधून ठेवावा. धुके पडले तर तो कामी येईल. नाही पडले, तर ज्या माणसासाठी एवढे उडून गेलो, त्याच्याजवळ एक दिवस जास्त बसता येईल. असा दिवस वाया गेला, असे म्हणणारा मनुष्य मला अजून भेटलेला नाही.